बारा फुटी तलावाची ट्रायल

बाबांनी परसात पोहण्याचा तलाव काढला तो खडूने.

फरशीच्या सांध्यात खिळा ठोकला, खिळ्याला सहा फूट दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाला शिंप्याचा चपटा खडू धरला आणि रांगत रांगत वर्तुळ पूर्ण केलं. व्यास बारा फूट. मग उठून गुडघे झटकले, दोन पावलं मागे सरकले आणि गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट बघावा तसे डोळे बारीक करून तलावाकडे बघत राहिले.

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवस तलाव इथे आहे असं समजून राहायचं. मग घ्यायचा की नाही ते ठरवू."

बाबा शिंपी आहेत. ट्रायलशिवाय आमच्या घरात काही येत नाही. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा स्वयंपाकघरात आठ दिवस खडूचा चौकोन होता. आई वाकून त्याचं दार उघडायची, दूध आत ठेवल्यासारखं करायची आणि मग तेच दूध खिडकीत ठेवायची. पाचव्या दिवशी लक्षात आलं की फ्रिजचं दार उघडलं की माणसाला मागच्या दाराने बाहेर पडता येत नाही. मग उलट्या दाराचा फ्रिज आला. बहिणीच्या लग्नाआधी होणारा जावई आठ दिवस रोज संध्याकाळी येऊन नुसता बसायचा. चौथ्या दिवशी त्याने कोणी न सांगता स्टुलावर चढून पंख्याची कुरकुर बंद केली. तो पास झाला. बहीण आता लांब असते आणि पंखा पुन्हा कुरकुरतो, पण ट्रायलमध्ये दोष नव्हता.

त्यामुळे खडूच्या तलावाचं मला नवल वाटलं नाही. धडकी भरली ती आठ दिवसांची. आईकडे एकूण एकतीस होते.

पाच महिन्यांपूर्वी आई दुकानात एका पँटची तुरपाई करत बसली होती. सुई हातात तशीच, आणि ती सावकाश डावीकडे कलली. अर्धांगाचा झटका. डॉक्टर म्हणाले, बोलणं वाचलं हे नशीब. बाबा म्हणाले, "कोणाचं?" आणि आई पलंगावर अर्ध्या तोंडाने हसली, तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, निभावलं.

डावा पाय मात्र निभावला नाही. फिजिओताई म्हणाल्या, "पहिले सहा महिने सोन्याचे. पाय जे शिकेल ते मुख्यतः त्यातच शिकेल. नंतर अगदी शिकत नाही असं नाही, पण फार रडवतो." जमिनीवर आईला दोघांनी धरलं तरी ती उभी राहू शकत नव्हती. पाण्यात मात्र राहायची. गावच्या तलावात दुपारी दोन ते तीन आजाऱ्यांची वेळ असायची. तिथे कडेने पाण्यात जाणारा एक उतार होता. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यावरून ढकललं की ती आपोआप छातीइतक्या पाण्यात. फिजिओताई म्हणायच्या, पाणी अर्ध्याहून जास्त वजन स्वतः उचलतं. कठड्याला धरून आई पहिल्या आठवड्यात तीन पावलं चालली, चौथ्या आठवड्यात अकरा.

मग तलावाच्या तळाला चीर गेली. दारावर पाटी लागली: "दुरुस्तीसाठी दिनांक ______ पर्यंत बंद."

मी आत जाऊन विचारलं, "कधीपर्यंत?"

"बाहेर लिहिलंय," खिडकीतला कारकून म्हणाला.

"तारीख नाहीये त्यात."

"मग तारीख नाही," तो म्हणाला. त्याच्या परीने तो खरं बोलत होता.

घरी तलाव आणायची कल्पना मामाची. मामा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह सोडायला असतो, त्यामुळे गावातल्या सगळ्या पाण्यावर आपला हक्क आहे असं त्याला वाटतं. त्यानेच फोनवर तो प्रकार दाखवला. जमीन खणायची नाही. लोखंडी नळ्या एकमेकींत बसवायच्या, आत जाड प्लास्टिक ताणायचं, चार फूट उंच गोल भिंत तयार, वर चढायला शिडी. दिवसभरात उभा. फोटोत चौघांचं कुटुंब छातीभर पाण्यात उभं राहून हसत होतं. त्यांच्यात कोणालाच काही झालेलं नव्हतं.

"अकरा हजार लिटर," मामा म्हणाला. "म्हणजे अकरा टन. भावजी, परसात दोन हत्ती उभे करायचेत असं समजा. पातळ केलेले."

"फरशी धरेल?" बाबांनी विचारलं.

"फरशीखाली जमीन आहे. जमीन बरेच हत्ती धरते."

यावर बाबांनी खडू आणला.

*

ट्रायलचे नियम कडक. रेघ कोणी ओलांडायची नाही. शिडीच्या जागी दोन विटा ठेवल्या. भिंतीची उंची कळावी म्हणून चार काठ्या रोवलेल्या कुंड्या कडेने मांडल्या आणि जमिनीपासून चार फुटांवर सुतळी फिरवली. परस सोळा फूट लांब, चौदा फूट रुंद. त्यामुळे मागच्या फाटकाकडे जायला भिंतीला पाठ घासत खेकड्यासारखं जावं लागायचं. कपड्यांची दोरी तलावावरून जात होती. ती हलवली, नाहीतर धुतल्या चादरींचं पाणी तलावात ठिबकलं असतं.

आई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात चाकाच्या खुर्चीत बसून हे सगळं बघायची.

पहिल्या दिवशी अस्तराच्या कापडाचं पार्सल आलं. पार्सलवाला नेहमीप्रमाणे मागच्या फाटकातून शिरला आणि सुतळीखालून वाकून सरळ तलावाच्या मधोमध आला.

"अहो! अहो, बुडाल!" बाबा ओरडले.

तो बिचारा जागच्या जागी थिजला. खाली बघितलं, वर बघितलं. मग आलेल्या वाटेने, पाय जरा उचलून टाकत बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. गंमत करत होता की खबरदारी घेत होता, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाला, उघड्या पाण्यात पानं पडतात, रोज काढावी लागतात, कंटाळा येतो आणि मग पाणी हिरवं होतं. बाबांनी लगेच ते काम मला लावलं. मी सव्वीस वर्षांचा आहे, दुकानात काज-बटणं करतो, मला मतदानाचा हक्क आहे. तरी रोज सकाळी सात वाजता काठीला चहाची मोठी गाळणी बांधून, रेघेबाहेर उभा राहून, मी तलावातली पानं काढायचो. पलीकडच्या घरातल्या काकू भिंतीवर कोपरं टेकून बघायच्या.

"पाणी कधी सोडणार?"

"सोडलंय, काकू."

"बरं," त्या म्हणायच्या. "आईला सांग, सावकाश उतर म्हणावं."

तिसऱ्या दिवशी फिजिओताई आल्या आणि त्याही फाटकातून थेट तलावात शिरल्या. घरातून तिघांचे तीन आवाज एकदम उठले. त्या दचकून बाहेर आल्या, भिंतीला पाठ घासत दारापर्यंत पोचल्या, आणि आईसमोर बसून त्यांनी तिचा डावा पाय हातात घेतला. टाच जमिनीकडे दाबली. टाच आली नाही. पुन्हा दाबली.

"महिन्यापूर्वी टेकत होती," त्या म्हणाल्या.

"हो," बाबा म्हणाले.

"पोटरी आखडत चाललीय. पाय पंज्यावरच राहिला तर पुढे उभं राहणंच अवघड होईल. पाण्याचं काय ठरलं?"

"अजून पाच दिवस आहेत."

"कशाला?"

बाबांनी ट्रायल समजावून सांगितली. फिजिओताईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात गाळणीची काठी होती. त्या उठून गेल्या, पण जाताना भिंतीला पाठ घासत गेल्या. आमच्या घराचं हेच वाईट. येणारा माणूस दहा मिनिटांत आमच्यासारखा वागू लागतो.

त्या रोज दोन तास मेहनत करून घ्यायला सांगून गेल्या होत्या. मी आईची टाच दाबायचो, आई छताकडे बघत गिऱ्हाइकांना शिव्या द्यायची. दुखलं की ती गिऱ्हाइकांना शिव्या देते, ही तिची जुनी सवय. पूर्वी सुई टोचली की एखाद-दुसरी शिवी पुरायची. आता जुनी गिऱ्हाइकं संपली आणि ती नव्यांवर आली. चौथ्या दिवशी शिव्या थांबल्या.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"दुखतंय. पण कोणाला देऊ? सगळे देऊन झाले," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून घेतलं.

पाचव्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी मागे गेलो तर बाबा रेघेबाहेर स्टूल टाकून बसले होते. समोर बारा फूट कोरडी फरशी.

"बाबा, मागवूया ना. जागा बसते. पानं आवरतात. पार्सलवाल्याचाही आक्षेप राहिलेला नाही."

"तीन दिवस राहिलेत."

"आईची टाच राहिली नाहीये, बाबा."

त्यांनी कॉलरमध्ये खोचलेली सुई काढली, उन्हात धरून तिच्या नेढ्यातून बघितलं, परत खोचली.

"समजा आणला," ते म्हणाले. "भरला. तुझी आई त्यात उतरली. आणि नाही चालली."

"चालेल. अकरा पावलं चालली होती की."

"तेव्हा. आता दोन महिने झाले त्याला. आता नाही चालली तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आज ती चालत नाही, कारण तलाव बंद आहे. दोष तलावाचा. त्या पाटी लावणाऱ्याचा. मी सकाळी उठतो, त्याला चार शिव्या घालतो आणि मशीनवर बसतो. उद्या तलाव घरात असेल. मग दोष कोणाचा? मग काय राहिलं आणायचं?"

अशा वेळी मला काहीतरी विनोदी सुचतं. माझा तो एकमेव गुण आहे. खूप शोधलं, काही सुचलं नाही. म्हणून मी काठी घेतली आणि पानं काढू लागलो. एकच पान होतं. ते मी बराच वेळ काढत होतो.

"तुला वाटतं मला घाई नाही?" बाबा मागून म्हणाले.

"नाही वाटत तसं."

"कापड एकदा कापलं की कापलं, बाळा."

*

आठव्या दिवशी सकाळी बाबांनी दोन्ही हात मागे बांधून तलावाला फेरी मारली. मामा सुट्टी टाकून आला होता. निकालाचा दिवस म्हणून काकूही भिंतीवर वेळेत हजर होत्या.

"फाटकाच्या बाजूला जरा घट्ट होतंय," बाबा म्हणाले. "व्यास सहा इंच कमी करू. आणि अजून आठ दिवस बघू."

मामाने टोपी काढून परत घातली.

"मला आत न्या," दारातून आई म्हणाली.

"ऊन लागतंय का?" बाबांनी विचारलं.

"घरात नाही. त्यात." तिने उजव्या हाताने तलाव दाखवला. "माझ्यासाठी काढलाय ना? गावातला माणूस अन् माणूस त्यात पडून बाहेर आला. मी एकटी राहिले."

मी खुर्ची ढकलत नेली. रेघेशी आलो आणि माझे पाय आपोआप थांबले.

"शिडी त्या बाजूला आहे," बाबाही तितक्याच आपोआप म्हणाले.

आईची खुर्ची भिंतीच्या कडेने खरवडत नेऊन मी शिडीसमोर, म्हणजे दोन विटांसमोर, उभी केली. आईच्या डोळ्यांसमोर सुतळी होती. बसलेल्या माणसाच्या कपाळाला लागेल इतकी उंच.

"आता?" आई म्हणाली.

आम्ही तिघं सुतळीकडे बघत राहिलो.

"चढू का?" आई म्हणाली.

मामाने घसा साफ केला. "म्हणजे, अक्का, आम्ही दोघं तुला उचलून..."

"उचलून?"

"वरून आत..."

"टाकणार? कपड्यांचं बोचकं टाकतात तसं?"

"टाकणार नाही. सोडणार."

"अरे, आठ दिवस!" आईचा आवाज एकदम चढला. "पानं काढलीत. दोरी हलवलीत. त्या पार्सलवाल्याला जवळजवळ पोहायला शिकवलंत. मी रोज त्या दारात बसून बघतेय, म्हटलं, बोलेल कोणीतरी. आता बोलतील, मग बोलतील. मी आत जाणार कशी हे तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही?"

नव्हतं आलं. गावच्या तलावात उतार होता. खुर्ची ढकलली की आई पाण्यात असायची. पाण्यात जाणं हे वेगळं काही काम असतं, हे आमच्या गावीच नव्हतं. आम्हा तिघांत मिळून दोन हातमशिनं, एक ओव्हरलॉक मशीन आणि गावभरच्या व्हॉल्व्हच्या चाव्या, पण डोकं एक नव्हतं.

बाबा विटांवर बसले. म्हणजे शिडीवर.

"गिऱ्हाइकाला न बोलावता ट्रायल घेतली," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत असं केलं नाही मी. कोट खुंटीला टांगून ट्रायल घेतली."

आई हसायला लागली. पाच महिने तिचं हसू अर्ध्याच तोंडावर उमटतं, त्यामुळे ते रडणं आहे हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला. मामा कुंडीतली काठी सरळ करू लागला. ती सरळच होती. मी आईच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने तो झटकला, आणि मग लगेच स्वतःच धरून ठेवला.

"असाच राहणार का गं आता पाय," ती म्हणाली. समोर कोणी बाई नव्हती. काकूंना म्हणाली असेल, किंवा स्वतःला.

काकू भिंतीवरून खाली उतरल्या. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

बऱ्याच वेळाने बाबांनी मान वर केली.

"वजन किती तुझं?"

"आता हेही सगळ्यांसमोर विचारा."

"किती?"

"बासष्ट. झटक्यानंतर अठ्ठावन्न."

बाबा आमच्या कोणाकडे बघत नव्हते. परसावरून आडवा जाणारा एक लोखंडी गर्डर आहे. आधीच्या मालकाने वरचा मजला बांधायला घेतला होता. गर्डर टाकल्यावर त्याचं मन बदललं. तेव्हापासून त्याला नुसती कपड्यांची दोरी बांधतात. बाबा त्याच्याकडे बघत होते.

*

त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. खुर्चीतच आईची मापं घेतली. दोन्ही मांड्या, कंबर, छाती, काखेतून खांदा. एका ड्रायव्हरने सीटचं कव्हर शिवायला आणून टाकलेला जाड कॅनव्हास कापला, त्याला विचारण्यात वेळ घालवला नाही. दुहेरी शिवण, वर पट्टे, पट्ट्यांवर पुन्हा आडवी शिवण. तीन सुया मोडल्या. एरवी एक मोडली की घरभर ऐकू जातं. या तिन्ही मुकाट मोडल्या. संध्याकाळपर्यंत एक झोळी तयार झाली. दोन मांड्या वेगवेगळ्या अडकतील, कंबरेला पट्टा आवळेल आणि चार टोकं वर एका कडीत जमतील अशी. मामाने कामावरून बिघडलेले पंप उचलायची चेनपुली आणली आणि गर्डरला चाकावर टांगली, म्हणजे पुढे-मागेही सरकेल.

आधी मला लटकवलं. माझं वजन आईपेक्षा दहा किलो जास्त. शिवण धरते का ते बघायला पाच मिनिटं पुरली असती, पण तेवढ्यात दुकानाच्या दारावर गिऱ्हाईक आलं. बाबा म्हणाले, "आलोच." मामा म्हणाला, "चहा टाकतो." मी तलावाच्या मधोमध वीसेक मिनिटं हवेत होतो. काकूंनी वरून विचारलं, "आता काय?" मी म्हटलं, "तरंगतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओताईंना बोलावून घेतलं. त्यांनी प्रत्येक पट्टा ओढून बघितला, कड्या बघितल्या, मामाकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "सावकाश."

मामाने साखळी ओढली. कड्या कडकड वाजल्या आणि आई खुर्चीतून वर गेली. तिने डोळे घट्ट मिटले होते. बाबा खालून दोन्ही हात पसरून चालत होते, झाडावरून फळ पडणार असल्यासारखे. सुतळीच्या वर गेल्यावर आम्ही तिला आत सरकवलं. नसलेल्या भिंतीवरून तिचे पाय नीट पलीकडे गेले. मग मामाने उलटी साखळी ओढली, आई हळूहळू खाली आली, आणि पावलं फरशीला टेकली. उजवं पूर्ण, डावं पंज्यावर.

"बस," फिजिओताई म्हणाल्या. "इथेच धरा. अर्धं वजन पट्ट्यांवर राहू दे."

आई उभी होती. तिची उंची मी विसरलो होतो. ती बाबांच्या खांद्याला लागते. पाच महिने आम्ही सगळे तिच्याशी वाकून बोलत होतो, आणि आता बाबा सरळ उभे राहून तिच्याकडे बघत होते तर त्यांना हातांचं काय करायचं ते कळेना.

"कसंय पाणी?" काकूंनी भिंतीवरून विचारलं.

"गार आहे," आई म्हणाली. तिने डोळे उघडले. "अहो, घ्यायचाय का तलाव? आता तरी सांगा."

बाबांनी कंबरेच्या पट्ट्यात दोन बोटं घालून सैलपणा बघितला. मी म्हटलं, आता सहा इंचांचं काहीतरी निघणार.

"मागव," ते म्हणाले.

"कोण, मी?" मामाने विचारलं. त्याच्या एका हातात साखळी होती.

"तूच. आत्ता. माझं मन फिरायच्या आत."

मामाने दुसऱ्या हाताने फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली नाकावर आणला आणि मोठ्याने वाचू लागला. "बारा फुटी. चार फूट उंच. बरोबर. रंग विचारतोय. निळा की राखाडी?"

"काहीही," बाबा म्हणाले.

"काहीही असा रंग नाहीये. निळा, राखाडी, आणि एक लाकडासारखा दिसणारा."

"अरे, मी लटकतेय इथे!" आई म्हणाली.

"निळा घेतो. वरचं झाकण हवंय का? पानं पडणार नाहीत."

"हवंय," मी म्हणालो. इतक्या मनापासून मी आयुष्यात कशाला हो म्हटलेलं नाही.

"सोबत रबरी बदक घेणार का विचारतोय."

"घे बदक!" आई ओरडली. "घे बदक, आणि संपव एकदाचं!"

"झालं," मामा म्हणाला. मग तो जरा वेळ फोनकडे बघत राहिला. "पोचायला सोळा दिवस."

साखळीची एक कडी सरकली आणि थांबली.

"भरायला?" फिजिओताईंनी विचारलं.

"नळाला पाणी रोज चाळीस मिनिटं. मी थोडं जास्त सोडेन. तरी पाच दिवस." मामा स्वतःशीच मोजू लागला. "सोळा आणि पाच एकवीस. आणि ताई, तुमचे सहा महिने पुरे व्हायला..."

"बावीस."

"एक दिवस उरतो," मामा म्हणाला. चांगली बातमी असावी तसं तो म्हणाला आणि मग त्यालाच ते ऐकू आलं.

बाबांचं तोंड पांढरं पडलं. ट्रायलचे आठ दिवस आणि हा नववा त्यांच्या कपाळावर एकेक करून दिसत होते. ते काहीतरी बोलणार होते, आणि ते जे बोलले असते त्यातून आमच्यापैकी कोणीच सावरलं नसतं.

"मग कोणाची वाट बघताय?" आई म्हणाली. "मी उभी आहे ना आत्ता? पाणी येईल तेव्हा येईल."

फिजिओताईंनी मला खाली बसायला सांगितलं. मी फरशीवर पालथा झालो, गाल जवळजवळ जमिनीला, आणि आईच्या डाव्या टाचेखाली तळहात घातला. टाच आणि फरशी यांच्यात माझा हात आडवा मावत होता. "तुम्ही वजन उजवीकडे द्या," त्या आईला म्हणाल्या. "आता गुडघा पुढे. पाय उचलू नका, नुसता पुढे ढकला. आणि तू, टाच काय करते सांग. तुलाच कळेल."

आईने श्वास घेतला. वर पट्टे करकरले. मामाने साखळी दोन्ही हातांनी धरली होती. बाबांनी आईची कंबर धरली होती. पलीकडे काकूंनीही कशाला तरी घट्ट धरलं असावं, कारण भिंतीवरून मातीचं एक ढेकूळ पडलं.

काही झालं नाही.

"पुन्हा," फिजिओताई म्हणाल्या.

आईच्या तोंडून एका गिऱ्हाइकाचं नाव आलं आणि पुढे एक शिवी. ते गिऱ्हाईक नवीन होतं. कालच संध्याकाळी आलेलं.

मग हातावर काहीतरी जाणवलं. टाच हलली, की माझा हात थरथरला, की पट्टा ताणला गेला आणि सगळीच आई इकडची तिकडे झाली, मला सांगता येईना.

"हललं?" आईने वरून विचारलं.

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त पाय दिसत होते, चार जणांचे आठ पाय, आणि ते सगळे थांबले होते.

"हललं," मी म्हणालो.

"किती?" बाबांनी विचारलं.

"एक सूत."

इंचाचा आठवा भाग. मला वाटलं, आता फिजिओताई वाकून बघतील.

"एक सूत खूप असतं," बाबा म्हणाले. "एका सुताने कॉलर मानेला बसते. एक सूत म्हणजे, अगं, खूप असतं."

"मग रडताय कशाला? पट्टा भिजतोय," आई म्हणाली. "हं. आता दुसरं पाऊल."

पहिलं अजून पडायचं होतं. मी हात होता तिथेच ठेवला.